भरलेला पाय : मराठी पागेच्या इतिहासातील एक दुर्लक्षित पान

कावळा नाक्यावरून आपल्या शहरात शिरणाऱ्या प्रत्येकाने ताराराणीचा पुतळा पाहिलेला असतो. शिल्पकार रवींद्र मेस्त्री यांनी घोड्याचा व स्वाराचा सारा भार मागच्या दोन पायांवर तोलून धरला आहे, याचे कौतुक आपण बाहेरगावच्या पाहुण्यांना नेहमी सांगतो. धातूच्या घोड्याच्या बाबतीत हे कौतुक योग्यच आहे. परंतु जिवंत घोड्याच्या बाबतीत चार पायांचा हिशेब रोजच सांभाळावा लागे. सकाळी मोतद्दार ठाणावर गेला आणि चारांपैकी एक पाय गुडघ्यापासून खाली खांबासारखा भरलेला आढळला, म्हणजे त्या दिवसापुरता तरी तो स्वार स्वार राहत नसे. तो पायदळात जमा होई.

आपल्या बखरींत फौजेची मोजदाद माणसांवर नसते, ती घोड्यावर असते. 'दहा हजार घोडा', 'तीस हजार घोडा' असे आकडे आपण वाचतो आणि पुढच्या ओळीवर जातो. त्यांतला किती घोडा त्या दिवशी खरोखर चालू शकत होता, हा प्रश्न आपण विचारीत नाही. आज मी तो विचारणार आहे. तलवारींचा व तहांचा इतिहास सांगणारे वक्ते या व्याख्यानमालेला पुष्कळ लाभले आहेत. तेव्हा एक संध्याकाळ घोड्याच्या नडगीसाठी दिली तर श्रोते रागावणार नाहीत, अशी आशा आहे.

प्रथम ही सूज येते कशी, ते समजून घेतले पाहिजे. कारण त्यावाचून पुढचा इतिहास कळावयाचा नाही. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतेच. तेथे हाड, शिरा, दोरखंडासारखे स्नायुबंध आणि त्यांवर ताणून बसवलेले कातडे, एवढाच संसार. आपल्या पोटरीचा स्नायू आवळला की रक्त वर ढकलले जाते. घोड्याला ती सोय नाही. त्याचे काम टाप करते. टापेच्या तळाशी पाचरीच्या आकाराचा एक मऊ भाग असतो. प्रत्येक पावलाला तो दाबला जातो, आणि त्या दाबाने खालचे रक्त वर चढते. म्हणजे चालणे हाच घोड्याच्या पायाचा पंप होय. घोडा उभा राहिला की पंप मंदावतो आणि पायांत पाणी उतरू लागते.

म्हणूनच सूज एकाच नावाने ओळखली गेली तरी ती एकाच जातीची नसते. दोन्ही मागचे पाय सारखेच भरले आहेत, हाताला गार लागतात, अंगठा दाबला तर खळगा पडून राहतो, पण घोडा लंगडत नाही, अशी सूज ठाणावर बांधून ठेवल्याची असते. अर्धा कोस चालवला की ती उतरते. एकच पाय, तोही गरम, हात लावू देत नाही, टाप टेकवीत नाही, असे असेल तर प्रकरण वेगळे. तेथे काटा रुतला असेल, शीर ताणली असेल, जखमेत विष चढले असेल. अशा घोड्याला चालवणे म्हणजे त्याला मारणे होय. तिसरा एक प्रकार इंग्रज गाडीवानांना चांगला ठाऊक होता. आठवडाभर जड गाडी ओढणारा घोडा रविवारी सुट्टीवर, पण दाणा मात्र नेहमीइतकाच. सोमवारी सकाळी पाहावे तो एक मागचा पाय मांडीपर्यंत सुजलेला आणि अंगात ताप. त्यांनी ह्या दुखण्याला सोमवार सकाळचे नावच देऊन टाकले. दाणा आणि दौड यांचा मेळ बसला नाही की त्याची वसुली पायातून होते, हे त्यातले मर्म.

आता मराठी लष्कराच्या वर्षाकडे पाहा. दसऱ्याला सीमोल्लंघन आणि पाऊस लागला की छावणी, हा क्रम आपल्याला पाठ आहे. आपण त्याचे कारण नद्यांचे पूर, शेतीची कामे असे सांगतो, आणि ते खोटे नाही. परंतु चार महिने चिखलात उभ्या असलेल्या घोड्याचा पाय हेही त्यातले एक कारण होते. पावसात माणसाच्या बोटांत चिखल्या होतात, तसेच घोड्याच्या टाचेवरचे कातडे भिजून फाटते. त्या भेगांतून घाण आत शिरते आणि पाय भरतो. त्यात आमची बांधण्याची पद्धत पाहा. अगाडीचे दोर मानेला आणि पिछाडीचे दोर मागच्या पायांना, अशी घोड्याची दावण असे. शेकडो घोडे दाटीने उभे करावयाचे म्हणजे ही पद्धत सोयीची खरी. लाथा बसत नाहीत, घोडा सुटत नाही. पण पिछाडीचा ओला दोर रात्रभर त्याच जागी घासत राहिला की तेथे जखम ठरलेली.

शिवाजी महाराजांचे राज्याभिषेकाच्या सुमाराचे एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणच्या बाजूस छावणीला राहिलेल्या लष्कराच्या अंमलदारांना ते लिहिलेले आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये ह्या आशयासाठी आपण ते आठवतो. परंतु त्या पत्राचा पाया घोड्याच्या दाणावैरणीचा आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. पावसाळ्याची बेगमी म्हणून जो दाणा व जे गवत साठवले आहे ते मनास येईल तसे उधळाल, तर ऐन पावसात काही उरणार नाही. घोडी उपाशी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुम्ही गावोगाव रयतेला उपद्रव देत हिंडाल, असा त्याचा ओघ आहे. उंदराने दिव्याची पेटती वात ओढून नेली तर गवताच्या गंज्या जळतील, इथपर्यंत त्या पत्राची नजर पोहोचते. ज्या राजाला उंदराची वात दिसत होती त्याला ठाणावरचा भरलेला पाय दिसत नसेल, असे मला वाटत नाही. आधी भरपूर दाणा आणि नंतर उपवास, ह्याहून घोड्याला वाईट दुसरे काही नाही.

ह्या गोष्टीची किंमत काय पडते, हे आपल्याच जिल्ह्यातील एका प्रसंगावरून दिसून येते. १७०१ साली पन्हाळा हाती आल्यावर औरंगजेबाने विशाळगडाकडे मोर्चा वळवला. मलकापुराकडून आंबा घाटाची वाट रुंद करून तोफा आणि फौज वर नेण्यात आली. वेढा सहा महिने चालला आणि जून १७०२ मध्ये परशुराम त्रिंबकांनी रक्कम घेऊन गड खाली केला. बादशहाला विजय मिळाला. पण तो मिळाला तेव्हा पाऊस सुरू झाला होता. विशाळगडाहून पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंतची सुमारे तीस मैलांची वाट तुडवायला त्या बलाढ्य फौजेला अडतीस दिवस लागले. ओढे फुगलेले, तंबू भिजून जड झालेले, बैल चिखलात रुतून पडलेले, आणि मोठमोठे सरदार पायी चाललेले. जदुनाथ सरकारांनी हा परतीचा प्रवास वर्णन केला आहे. तो वाचताना मला नेहमी वाटते, की ज्या पावसाला आपण शाहूवाडी-मलकापूरकडे रोजचा पाऊस म्हणतो, त्याने ताराबाईंच्या बाजूने एक लढाईच करून टाकली. इराणी आणि तुर्की रक्ताचे ते उंच, जड घोडे. कोरड्या मैदानात त्यांच्यापुढे आमचे तट्टू टिकावयाचे नाही. परंतु लाल चिखलात गुडघाभर रुतून दिवसाला एक मैल सरकणाऱ्या घोड्याला पायाचा पंप काय उपयोगाचा?

ह्याउलट भीमथडीचे घोडे. उंचीने ठेंगणे, दिसायला ओबडधोबड, पण हाडाने कणखर. भीमेच्या खोऱ्यातील ह्या घोड्यांनी मराठ्यांना अटकेपर्यंत नेले, असे आपण अभिमानाने म्हणतो. कापशी आणि दत्तवाड ही घोरपड्यांची गावे आपल्या जिल्ह्यातच आहेत. संताजी-धनाजींच्या धावत्या फौजांचे रहस्य शौर्यात होते तितकेच ह्या घोड्यांच्या हलक्या अंगात होते. हलका घोडा, हलके खोगीर, सोबत बाजारबुणग्यांचा पसारा नाही. मोगलांची घोडी पाण्याला बिचकली की 'पाण्यात धनाजी दिसतो का?' असे म्हणत, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती कितपत खरी असेल ते असो. पण रोज वीस-वीस कोस दौडणाऱ्या घोड्याच्या पायांत पाणी उतरावयास सवड कमी मिळते, हे मात्र खरे. त्याचे दुखणे निराळे असते. त्याची शीर तुटते.

मग उपाय कोण करी? 'सालोत्री' हा शब्द आता ऐकू येत नाही, परंतु एके काळी घोड्याच्या वैद्याला तेच नाव होते. ते शालिहोत्र ऋषींच्या नावावरून आले. एका ऋषीचे नाव झिजत झिजत पागेतील कामगाराचे नाव व्हावे, ही भाषेची गंमत आहे. शालिहोत्राच्या परंपरेत नकुलाचे अश्वचिकित्सित आणि जयदत्ताचे अश्ववैद्यक हे संस्कृत ग्रंथ मोडतात. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने ते गेल्या शतकाआधीच, १८८७ च्या सुमारास छापून काढले. आपला मुलूख ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या छत्राखाली होता आणि ज्यांचे मांडलिक म्हणून शिलाहार येथे नांदले, त्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात मानसोल्लास लिहिला. त्यात घोड्याची पारख आहे, त्याची शिकवण आहे, घोड्यावर बसून चेंडू खेळण्याच्या मैदानाचेही वर्णन आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या सरस्वती महालात नकुलाच्या अश्वशास्त्राची रंगीत चित्रांची पोथी जपली गेली व ती १९५२ साली छापली गेली. म्हणजे विद्या नव्हती असे नाही.

पण विद्या पोथीत असणे वेगळे आणि ठाणावर असणे वेगळे. तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेच्या पूर्व किनाऱ्यावर आलेल्या मार्को पोलोने याविषयी एक विलक्षण गोष्ट नमूद केली आहे. तेथील राजे समुद्रापारहून दरवर्षी हजारो घोडे विकत घेत, आणि वर्ष संपता संपता त्यांतले शंभरही उरत नसत. घोड्याला भात आणि शिजवलेले मांस चारीत; तेथेच जन्मलेले शिंगरू वाकड्या पायांचे निपजे. आणि त्याच्या मते घोडे विकणारे व्यापारी नालबंद व घोडेवैद्य तेथे येऊच देत नसत. कारण घोडे वाचले तर पुढच्या वर्षी विकावयाचे कोणाला? मार्को पोलो सांगतो ते सगळेच डोळे झाकून घेऊ नये. पण ह्या एका वाक्यात व्यापाराचे जे ज्ञान आहे ते खोटे वाटत नाही.

आमच्याकडच्या सालोत्र्याचे औषध साधे असे. ताज्या सुजेला नदी. घोडा वाहत्या पाण्यात गुडघाभर उभा करावयाचा, सकाळ-संध्याकाळ, घटकाभर. पंचगंगेच्या उतारावर हे दृश्य पिढ्यान् पिढ्या दिसले असेल. जुन्या सुजेला शेक, कोंड्याचे किंवा कडुनिंबाच्या पाल्याचे पोटीस, हळद, तुरटी. हाड वाढून आलेल्या टणक गाठींना मात्र त्यांच्यापाशी स्वतंत्र नावे होती. हड्डा, मोतरा, चकावळ ही हिंदुस्थानी नावे पागेत सर्वत्र चालत. आणि बोटांनी चाचपून कोणती गाठ कोठली हे ते अंधारातही सांगत. येथवर त्यांच्या शहाणपणाविषयी आदरच वाटतो.

यापुढचा उपाय मात्र क्रूर होता : बिब्बा आणि डाग. बिब्ब्याने कातडे भाजून फोड आणावयाचा, नाहीतर तापलेल्या लोखंडाने पायावर रेघा ओढावयाच्या. डाग ह्या शब्दाला लष्करात दोन अर्थ. एक गणतीचा : हजिरीला दाखवलेला घोडा पुन्हा दुसऱ्याच्या नावाने दाखवला जाऊ नये म्हणून अल्लाउद्दिन खिलजीने आणि पुढे अकबराने घोड्यांवर डाग देण्याची शिस्त घातली. दुसरा औषधाचा. डागल्याने घोडा बरा होतो हा समज केवळ आपल्याकडचाच अडाणीपणा होता, असे समजू नका. इंग्रज घोडदळातील सुशिक्षित वैद्यही तेच करीत. १९८३ साली ब्रिस्टल येथील पशुवैद्यकांनी शीर दुखावलेल्या घोड्यांवर पद्धतशीर प्रयोग करून पाहिले, तेव्हा डाग दिल्याने काहीही लाभ होत नाही असे दिसून आले. डागलेला घोडा बरा होई तो डागामुळे नव्हे. जखमा भरेपर्यंत त्याला महिनोन् महिने कामाला लावता येत नसे, त्या सक्तीच्या विश्रांतीमुळे! हे विश्रांतीचे औषध लोखंड न तापवताही देता आले असते. पण घोडा सुट्टीवर ठेवण्याला मालक कबूल झाला पाहिजे ना.

काही सुजा अशा असत की त्यांपुढे सालोत्र्याचे सगळेच उपाय वाया जात. पावसाळ्यानंतर घोड्याला ताप येतो, जातो, पुन्हा येतो. खाणे चांगले असूनही घोडा वाळत जातो, आणि पाय व पोटाची खालची बाजू मात्र सुजत राहते. ह्याला सर्रा म्हणत. १८८० साली डेरा इस्माईलखान येथे ग्रिफिथ इव्हान्स ह्या लष्करी पशुवैद्याने अशा घोड्यांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात वळवळणारा एक जंतू त्याला सापडला. तो चावणाऱ्या माश्यांतून पसरतो, असे तेथले लोक मानीत आणि इव्हान्सने त्यांचे म्हणणे मनावर घेतले. त्याच्या वरिष्ठांना मात्र हा जंतूच रोगाचे कारण आहे हे पटेना. पुढे ते सर्वमान्य झाले आणि जंतूला इव्हान्सचेच नाव मिळाले. पायाला पोटीस बांधणाऱ्या मोतद्दाराचा दोष नव्हता. रोग रक्तात होता.

दुसरी सूज याहून भयंकर. पायाच्या आतल्या बाजूने दोरीसारखी शीर फुगते, तीवर ठिकठिकाणी गाठी येतात व फुटतात. ही ग्लँडर्सची सूज. ती माणसालाही लागते व माणसाचा जीव घेते. सरकारने १८९९ साली ह्या रोगासाठी स्वतंत्र कायदाच केला, आणि रोगी ठरलेला घोडा मारून टाकण्याचा अधिकार अंमलदारांना दिला. विचार करा, ज्याचे सारे घर एका घोड्यावर चालते अशा टांगेवाल्याच्या दृष्टीने ह्या कायद्याचा अर्थ काय होता. पायावरची गाठ ही त्याच्या घोड्याची फाशीची चिठ्ठी. त्याने ती लपवली तर आपण त्याला दोष देऊ. आणि दिलाही पाहिजे, कारण त्याच्याच मुलांचा जीव त्यात गुंतलेला असे. परंतु घोड्याची किंमत हातात पडण्याची खात्री नसताना आपण होऊन घोडा दाखवावयास कोण जाईल? हा रोग इतिहासजमा झाला असेही नाही; २००६ साली महाराष्ट्रात तो पुन्हा उद्भवला आणि तेथून इतर राज्यांतही आढळला.

मुंबईला परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. आता सालोत्र्याच्या जागी पदवीधर डॉक्टर आला. ही प्रगतीच होय. परंतु त्या संक्रमणात एक गोष्ट हरवली. जुन्या सालोत्र्यांनी व मोतद्दारांनी जे काही जमवले होते, ते कोणी बसून लिहून घेतले नाही. लिहिणारा हात आणि घोड्याच्या पायावर फिरणारा हात हे आपल्या समाजात एका माणसाचे क्वचितच असत.

याचे एक उदाहरण आपल्याच राजधानीतले. राजर्षी शाहू महाराजांचे घोड्यांवरील प्रेम सर्वश्रुत आहे. चार घोड्यांची गाडी ते स्वतः हाकीत, सोनतळीच्या छावणीवर राहत, घोड्यांची पारख त्यांना चांगली होती. त्यांच्याच पागेत गंगाराम कांबळे नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल इतर नोकरांनी त्यांना मारहाण केली, ही हकीकत कोल्हापुरात सर्वांना माहीत आहे. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले, गंगाराम यांना चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः तेथे थांबून चहा घेतला. ही गोष्ट आपण समतेच्या इतिहासात सांगतो, आणि तेथेच तिची जागा आहे. मी तिच्याकडे पागेच्या बाजूने पाहतो. ज्या पागेत सुजलेल्या पायावर घागरीच्या घागरी पाणी ओतावे लागे, तेथे घोड्याला पाणी लाभत होते. घोड्याची सेवा करणाऱ्या सर्वांना ते सारखे लाभत नव्हते. अशा माणसांचे ज्ञान कोण विचारणार?

१ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले. पागा ओस पडल्या, आणि उरलेले ज्ञान टांगेवाल्यांच्या अड्ड्यावर आले. रेल्वे १८९१ सालीच आली होती, आणि स्टेशनावरून गावात यावयास टांगा हेच वाहन होते. डांबरी रस्ता टांगेवाल्याला गुळगुळीत वाटला तरी घोड्याला तो वैरी. नालेचा दणका सरळ सांध्यांत जातो. पुढे रिक्षा आल्या आणि टांगे गेले. आता घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत, मिरवणुकीत, नाहीतर शर्यतीच्या गाडीला. वरातीचा घोडा आठवड्यातून दोन रात्री नाचतो आणि बाकीचे दिवस अरुंद गोठ्यात हरभऱ्यावर उभा असतो. सोमवार सकाळच्या दुखण्याला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

घोड्यांचे मोठे बाजार मात्र अजून भरतात. अकलूजला भरतो, आणि तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत भरतो. तेथे जाणता गिऱ्हाईक प्रथम घोड्याचे तोंड उघडून दात पाहतो, मग खाली बसून चारही पायांवरून गुडघ्यापासून टापेपर्यंत हात फिरवतो. विकणाराही काही कच्चा नसतो. पायांत पाणी उतरणारा घोडा तो पहाटेच तास-दीड तास फिरवून आणतो. गिऱ्हाईक येईपर्यंत पाय सडपातळ. म्हणून पागेतील जुनी माणसे सांगत, की घोडा घ्यावयाचा असेल तर उजाडण्यापूर्वी जावे, मालक उठण्याच्या आत, आणि घोडा ठाणावर उभा असतानाच त्याच्या मागच्या पायाला अंगठा लावून पाहावा.